१२० चा रोल आणि जॉर्ज ईस्टमन : मिडियम फॉरमॅट रेंजफाइंडर घेण्याआधी वाचा

जुना मिडियम फॉरमॅट रेंजफाइंडर घ्यायचा म्हटलं की बहुतेक जण आधी लेन्सचं नाव पाहतात, मग शटर, मग किंमत. मी आधी पाहतो तो त्यात कुठला रोल बसतो ते. कॅमेरा कितीही देखणा असला आणि त्याचा रोल आता कोणी बनवत नसला, तर तो शोकेसमध्ये ठेवायच्या कामाचा. आज नव्याने तयार होणारा आणि मागवला की मिळणारा मिडियम फॉरमॅटचा रोल म्हणजे १२० नंबरचा. तो १९०१ साली बाजारात आला. तेव्हापासून त्याची रुंदी तीच, आणि पाठीमागचा आकडे छापलेला कागदही तसाच. तो आणणारा माणूस अमेरिकेतल्या रॉचेस्टर गावातला एका बँकेचा कारकून होता. जॉर्ज ईस्टमन. कोडक कंपनीचा संस्थापक म्हणून त्याचं नाव सगळ्यांना माहीत असतं, पण हातात जुना कॅमेरा घेतल्यावर त्याचं आयुष्य वेगळं दिसायला लागतं, म्हणून ते इथं सांगतो. कॅमेरा घेताना काय बघायचं तेही मधे मधे येईलच.

माझ्याबद्दल थोडक्यात. मी अंजनगाव सुर्जीचा. आमच्याकडे पानवेली आणि पिंपळीचे मळे आहेत, पण माझ्या लहानपणी होते तितके आता राहिले नाहीत. जे उरलेत त्यांचे आणि त्यात राबणाऱ्या माणसांचे फोटो मी गेली काही वर्षं काढतोय. मोबाइलवर काढलेले शेकडो आहेत. पण एखाद्या काकांनी मळा मोडायचा ठरवला असं कानावर आलं, की मी फिल्मचा कॅमेरा घेऊन जातो. माझ्याकडे दोन आहेत : एक रशियन मॉस्क्वा-५ आणि एक जपानी फुजी जीडब्ल्यू ६९०. दोन्हीत १२० चाच रोल लागतो.

बँकेतला कारकून

ईस्टमनचा जन्म १२ जुलै १८५४ चा, न्यूयॉर्क राज्यातल्या वॉटरव्हिलचा. वडिलांचं रॉचेस्टरला हिशेब-व्यापार शिकवणारं कॉलेज होतं. १८६२ मध्ये ते वारले आणि घराची घडी विस्कटली. आई मारिया हिने घरात भाडेकरू ठेवून, त्यांना जेवू घालून तीन मुलं वाढवली. एका बहिणीला पोलिओ होता, ती १८७० मध्ये गेली. जॉर्जने चौदाव्या वर्षी शाळा सोडली आणि एका विमा कचेरीत आठवड्याला तीन डॉलरवर हरकाम्या म्हणून लागला. १८७४ मध्ये रॉचेस्टर सेव्हिंग्ज बँकेत कारकुनी मिळाली. पैशाची चणचण काय असते ते त्याने घरातच पाहिलं होतं. पुढे करोडपती झाल्यावरही त्याचा हिशेब पैशापैशाचा राहिला तो त्यामुळेच, असं मला वाटतं.

१८७७ मध्ये त्याच्या डोक्यात कॅरिबियन समुद्रातल्या सँतो डोमिंगोला जाऊन जमिनी पाहण्याचं खूळ शिरलं. कोणीतरी सुचवलं की जातोस तर फोटोचं सामान घेऊन जा. ट्रिप झालीच नाही, सामान मात्र घरात आलं. ते सामान म्हणजे काय होतं? कॅमेरा एखाद्या पेटीएवढा. त्याचा जड स्टँड. काचेच्या प्लेटा, रसायनांच्या बाटल्या, पाण्याचं भांडं आणि अंधार करायला तंबू. तेव्हाच्या ओल्या प्लेटच्या पद्धतीत काचेवर रसायन ओतायचं, ते ओलं असतानाच कॅमेऱ्यात घालून फोटो काढायचा आणि सुकायच्या आत तंबूत शिरून धुवायचा. आमच्याकडच्या मे महिन्यात हे करायचं ठरवलं असतं तर प्लेट कॅमेऱ्यापर्यंत जाईस्तोवर वाळून गेली असती.

इंग्लंडमधल्या मासिकांत त्याने वाचलं की तिकडे जिलेटिन वापरून कोरड्या प्लेटा बनवतात. त्या आधी करून ठेवता येतात आणि नंतर सवडीने धुता येतात. मग दिवसा बँक आणि रात्री आईच्या स्वयंपाकघरात जिलेटिन शिजवणं, असा त्याचा क्रम सुरू झाला. १८७९ मध्ये काचेवर लेप चढवणारं यंत्र त्याने तयार केलं आणि पेटंट घ्यायला थेट लंडन गाठलं. १८८० मध्ये रॉचेस्टरमध्ये एक माळा भाड्याने घेऊन प्लेटा विकायला सुरुवात केली. पुढल्या वर्षाच्या १ जानेवारीला हेन्री स्ट्राँग भागीदार झाला. हा गृहस्थ घोडागाडीचे चाबूक बनवणारा आणि पूर्वी ईस्टमनच्या आईकडे भाडेकरू राहिलेला. बँकेत वरची जागा रिकामी झाली तेव्हा ती एका संचालकाच्या नातेवाइकाला दिली गेली. १८८१ च्या सप्टेंबरात ईस्टमनने राजीनामा दिला.

आणि लगेच १८८२ मध्ये धंदा बुडता बुडता वाचला. गिऱ्हाइकांच्या तक्रारी येऊ लागल्या की प्लेटांवर फोटो उमटत नाही. त्याने दुकानदारांकडचा खराब माल परत घेतला, कारखाना बंद ठेवला, शेकडो प्रयोग केले, शेवटी स्ट्राँगला घेऊन इंग्लंडला गेला. दोष निघाला जिलेटिनमध्ये. पुरवठादाराकडून आलेला माल बदललेला होता. तिथून पुढे कच्चा माल तपासल्याशिवाय वापरायचा नाही आणि जमेल तितकं स्वतःच बनवायचं, हे त्याच्या कंपनीचं धोरण झालं.

या जिलेटिनची गंमत पुढे १९२० च्या दशकात कळली. कोडकच्या प्रयोगशाळेतल्या सॅम्युअल शेपर्डने शोधून काढलं की काही जिलेटिनमध्ये गंधकाची अगदी सूक्ष्म संयुगं असतात आणि त्यांच्यामुळेच फिल्म प्रकाशाला तेज होते. ती येतात कुठून? जनावरांनी मोहरीसारख्या वनस्पती खाल्ल्या तर त्यांच्या कातडी-हाडांतून. म्हणजे गाईने काय चारा खाल्ला यावर फोटो यायचा की नाही ते ठरत होतं. वऱ्हाडातल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. म्हशीने काय खाल्लं ते आम्ही दुधाच्या चवीवरून ओळखतो.

रोल आला

काच जड आणि फुटणारी. ईस्टमनला ती काढून टाकायची होती. १८८४-८५ मध्ये विल्यम वॉकर या कॅमेरा कारागिराबरोबर त्याने गुंडाळी बसवायची चौकट बनवली आणि कागदावर रसायनाचा लेप दिलेला रोल विकायला काढला. व्यावसायिक फोटोग्राफरांनी नाकं मुरडली, कारण कागदाचे तंतू फोटोत उतरायचे. इथे ईस्टमनने एक वेगळा हिशेब मांडला. जाणकार घेत नसतील तर ज्यांनी आयुष्यात फोटो काढला नाही त्यांना विकू. १८८८ मध्ये त्याने कोडक नावाचा कॅमेरा आणला. नाव मुद्दाम बनवलेलं, कुठल्याच भाषेत अर्थ नसलेलं. के हे अक्षर त्याच्या आवडीचं होतं. किंमत २५ डॉलर, आत १०० फोटोंचा रोल आधीच भरलेला. फोटो गोल यायचे. रोल संपला की अख्खा कॅमेराच रॉचेस्टरला पाठवायचा. १० डॉलरमध्ये फोटो छापून मिळायचे आणि नवा रोल भरलेला कॅमेरा परत यायचा. माणसाने फक्त बटण दाबायचं, बाकी सगळं कंपनी बघेल अशी त्याची जाहिरात होती.

त्या काळात २५ डॉलर ही छोटी रक्कम नव्हती. पण कमाईची खरी जागा ते १० डॉलर होते, कारण ते पुन्हा पुन्हा येणार होते. कॅमेरा एकदा विकला जातो, रोल आयुष्यभर.

१८८९ मध्ये कागद गेला आणि पारदर्शक फिल्म आली. ती बनवली ईस्टमनकडे नोकरीला असलेल्या हेन्री रायखेनबाख या रसायनतज्ज्ञाने. हीच फिल्म एडिसनने चलचित्राच्या प्रयोगांसाठी मागवली आणि तिच्यावर पुढे सगळा सिनेमा उभा राहिला. आपल्या दादासाहेब फाळक्यांनी १९१२ मध्ये लंडनहून विल्यमसन कॅमेरा आणि फिल्मला भोकं पाडायचं यंत्र आणलं, आणि राजा हरिश्चंद्र काढताना जी कच्ची फिल्म मागवली ती कोडकची होती.

पण इथं ईस्टमनचा हिशेब चोख नाही. न्यूअर्कचा हॅनिबल गुडविन नावाचा एक पाद्री होता. मुलांना बायबलमधली चित्रं दाखवता यावीत म्हणून त्याने अशीच पारदर्शक फिल्म शोधली होती आणि १८८७ मध्ये, म्हणजे ईस्टमनच्या आधी दोन वर्षं, पेटंटचा अर्ज केला होता. ते पेटंट मिळायला १८९८ उजाडलं. मधल्या अकरा वर्षांत कोडकने बाजार ताब्यात घेतला. गुडविन १९०० च्या शेवटी अपघातात गेला. त्याचं पेटंट दुसऱ्या कंपनीकडे आलं, खटला चालला आणि १९१४ मध्ये ईस्टमनला ५० लाख डॉलर मोजून तो मिटवावा लागला. कोडकच्या कौतुकात हे प्रकरण बऱ्याचदा एका ओळीत उरकतात. मला ते तितकं छोटं वाटत नाही.

तांबडी खिडकी आणि १२० चा जन्म

तुम्ही जुना फोल्डिंग कॅमेरा उलटा करून पाहिलात तर मागच्या दारावर एक छोटी तांबडी खिडकी दिसेल. आतल्या रोलच्या मागे काळा कागद असतो, त्यावर आकडे छापलेले असतात. चावी फिरवत जायचं, खिडकीत १ दिसला की थांबायचं, फोटो काढायचा, मग २ येईपर्यंत फिरवायचं. इतकी साधी युक्ती, ना गिअर ना मोजणी. ही युक्ती बोस्टनच्या सॅम्युअल टर्नरची. ईस्टमनला तिचं मोल कळलं आणि १८९५ मध्ये त्याने टर्नरची कंपनीच विकत घेतली. या कागदामुळे रोल उजेडात भरता-काढता येऊ लागला. कॅमेरा रॉचेस्टरला पाठवायची गरज संपली.

मग १९०० मध्ये ब्राउनी आला. पुठ्ठ्याचा डबा, किंमत एक डॉलर, मुलांसाठी. पुढच्याच वर्षी ब्राउनीचा दुसरा नमुना आला, दोन डॉलरचा, आणि त्याच्यासाठी जो रोल बनवला त्याला पुढे १२० हा नंबर मिळाला. सहा सेंटिमीटर रुंदीच्या पट्टीवर साधारण सहा बाय नऊचे फोटो. कोडकने त्या काळात डझनावारी वेगवेगळ्या मापांचे रोल काढले. बहुतेक संपले. पुठ्ठ्याच्या डब्याचा हा रोल का टिकला? जर्मन, जपानी, रशियन अशा सगळ्यांनी आपापले चांगले कॅमेरे याच मापावर बांधले. आपल्याकडे घराघरात असलेला आग्फा क्लिक थ्री याच रोलवर चालायचा. कपाटात आजोबांचे सहा बाय सहाचे चौकोनी फोटो असतील तर ते बहुधा यावरच निघालेले आहेत.

एका रोलवर फोटो किती, ते कॅमेऱ्याच्या चौकटीवर ठरतं. सहा बाय साडेचारचे १६, सहा बाय सहाचे १२, सहा बाय सातचे १०, सहा बाय नऊचे ८. सहा बाय नऊची निगेटिव्ह नेहमीच्या ३५ मिलिमीटरच्या निगेटिव्हपेक्षा क्षेत्रफळाने पाचपटीहून मोठी असते. पानाच्या शिरा, म्हाताऱ्या हातावरच्या रेषा, मागच्या कुडाच्या काड्या, सगळं त्यात उतरतं. ते एकदा पाहिलं की सोडवत नाही, आणि तिथेच खर्चाला सुरुवात होते.

रेंजफाइंडर म्हणजे नेमकं काय

ब्राउनीत फोकस करायचाच नसे. लेन्स छोटी, उजेड भरपूर, काही पावलांपलीकडचं सगळं बऱ्यापैकी स्पष्ट. पण लेन्स मोठी आणि तेज झाली की अंतर अचूक लागतं. मॉस्क्वाची लेन्स १०५ मिलिमीटरची आहे. दोन मीटरवर बसलेल्या माणसाचा फोटो ३.५ अपर्चरला काढला तर स्पष्ट येणारा पट्टा जेमतेम पाच इंचांचा असतो. डोळे स्पष्ट, तर कान धूसर. अंदाजाने हे जमत नाही.

रेंजफाइंडरला दोन खिडक्या असतात, एकमेकींपासून काही सेंटिमीटरवर. एकीतून तुम्ही थेट पाहता. दुसरीतलं चित्र आरशाने किंवा प्रिझमने आणून पहिल्याच्या मधोमध फिकट ठिपक्यासारखं टाकलेलं असतं. माणूस जवळ असेल तर दोन चित्रं एकमेकांपासून सरकलेली दिसतात. रिंग फिरवली की आतला आरसा किंचित वळतो आणि दोन्ही चित्रं एकावर एक बसतात. बसली की त्या कोनावरून अंतर ठरतं. रेंजफाइंडर लेन्सशी जोडलेला असेल तर त्याच वेळी लेन्सही तितकीच पुढे-मागे होते. दोन्ही कामं एकाच बोटाने.

हे त्रिकोणाचं गणित आपल्या भागाला अनोळखी नाही. पाया मोजायचा, दोन्ही टोकांचे कोन मोजायचे आणि तिसऱ्या बिंदूचं अंतर काढायचं, याच रीतीने विल्यम लँबटनने १८०२ मध्ये मद्रासजवळ पाया मोजून हिंदुस्थानची मोजणी सुरू केली. हा आर्थर वेलस्लीच्याच पलटणीतला अधिकारी. तोच वेलस्ली, ज्याने ३० डिसेंबर १८०३ ला दौलतराव शिंद्यांशी आमच्या गावच्या नावाचा तह केला. लँबटन मोजणी करत करत उत्तरेकडे येत राहिला आणि १८२३ मध्ये हिंगणघाटला वारला. त्याचा पाया साडेसात मैलांचा होता, कॅमेऱ्यातला दोन-अडीच इंचांचा. गणित तेच. पाया जितका लांब तितकी अचूकता जास्त, म्हणून दोन खिडक्यांमधलं अंतर मोठं असलेला कॅमेरा घ्यावा.

लेन्सशी जोडलेला रेंजफाइंडर असलेला पहिला कॅमेरा १९१६ मध्ये आला, आणि तो कोडकचाच होता : थ्री-ए ऑटोग्राफिक कोडक स्पेशल. पोस्टकार्डाच्या मापाचे फोटो काढणारा मोठा फोल्डिंग कॅमेरा, रोल १२२ नंबरचा. तो रोल कधीच बंद झाला. मला गंमत वाटते ती ही : माणसाला फक्त बटण दाबायला सांगणाऱ्या कंपनीनेच, डोळा लावून अंतर जुळवायला लावणारं हे यंत्र पहिल्यांदा विकलं. पण कोडकने त्याचा फारसा पाठपुरावा केला नाही. मिडियम फॉरमॅट रेंजफाइंडरला नाव मिळवून दिलं ते १९३० च्या दशकात जर्मनीच्या झाइस आयकॉनने, सुपर आयकॉन्टा काढून. माझा मॉस्क्वा-५ हा त्याचाच रशियन भाऊबंद, १९५० च्या दशकातला.

घेताना काय पाहायचं

बजेट कमी असेल तर मॉस्क्वा किंवा सुपर आयकॉन्टा. बॅटरी नाही, मीटर नाही, घडी घालून पिशवीत जातो. मधलं बजेट असेल तर फुजीची सहा बाय नऊची मालिका. लेन्स बदलता येत नाही, आकार विटेएवढा, पण काम चोख आणि बॅटरी लागत नाही. पैसे असतील तर मामिया ७. सहा बाय सात, लेन्स बदलता येतात, चित्र अप्रतिम. मात्र तो बॅटरीवर चालतो आणि आतलं इलेक्ट्रॉनिक सर्किट गेलं तर दुरुस्त करणारा सापडणं कठीण. अंजनगावात बसून मी तो घेणार नाही. अमरावतीलाही असला माणूस मला भेटला नाही.

कॅमेरा हातात आला की आधी भाता तपासा. म्हणजे लेन्स आणि बॉडीमधला तो घडीचा चामडी किंवा कापडी भाग. अंधाऱ्या खोलीत आत टॉर्च लावा आणि बाहेरून घड्यांचे कोपरे पाहा. चांदणीसारखा ठिपका दिसला की भोक आहे. मग शटर सगळ्या वेगांवर चालवून बघा. जुन्या शटरमधलं तेल घट्ट होतं आणि एक सेकंदाचा वेग दोन-तीन सेकंद रेंगाळतो. तेवढ्यावरून सौदा मोडू नका, साफसफाईने ते बरं होतं, पण किंमत पाडून मागा. लेन्समध्ये तिरपा टॉर्च मारून बुरशी पाहा. पावसाळ्यात कपाटात पडून राहिलेल्या कॅमेऱ्यांत ती हमखास असते.

रेंजफाइंडर तपासायला लांबचं काहीतरी लागतं. आमच्याकडे उत्तरेला सातपुड्याची रांग आहे, रात्री चंद्र आहेच. रिंग अनंतावर ठेवा आणि ठिपक्यातली दोन चित्रं एकावर एक बसतात का पाहा. बसत नसतील तर त्या कॅमेऱ्याने काढलेले सगळे जवळचे फोटो फसणार. आडवं सरकलेलं चित्र जुळवून घेता येतं. उभं, म्हणजे एक वर एक खाली असेल, तर ते जाणकाराकडेच न्यावं लागतं. ठिपका दिसतच नसेल इतका फिका असेल तर आतल्या अर्ध्या आरशाचा मुलामा गेलाय, सरळ नाही म्हणा.

वापरताना दोन गोष्टी ध्यानात ठेवा. तुम्ही पाहता ती खिडकी आणि लेन्स वेगळी आहे, त्यामुळे लेन्सवर झाकण असलं तरी खिडकीत चित्र सुरेखच दिसतं. आणि जवळच्या फोटोत लेन्स जे पाहते ते तुमच्या खिडकीपेक्षा थोडं खाली-बाजूला असतं, म्हणून डोक्यावर जागा जास्त सोडा. पानमळ्यात आत हिरवी सावली आणि वरून उन्हाच्या तिरीपा असा उजेड असतो. तिथे मी सावलीचं मोजमाप धरतो आणि ४०० च्या फिल्मवर काम करतो. रोल उन्हाळ्यात फ्रिजमध्ये ठेवा, गाडीच्या डिक्कीत तर अजिबात नको. रोल, धुलाई, स्कॅन आणि कुरिअर धरून मला सहा बाय नऊचा एक फोटो दीडशे-दोनशे रुपयांना पडतो. म्हणून आठातले सहा फोटो मी माणूस बोलायचं थांबला की काढतो, बोलताना नाही.

पैसे, आई आणि शेवट

ईस्टमनने लग्न केलं नाही. आई त्याच्याजवळच राहिली आणि १९०७ मध्ये गेली. कंपनी तोवर इतकी मोठी झाली होती की सरकारने मक्तेदारीचा खटला भरला आणि १९१५ मध्ये कोर्टाने कोडकच्या विरोधात निकाल दिला. स्पर्धक कंपन्या विकत घेणं आणि आपला माल ठेवणाऱ्या दुकानदारांवर अटी घालणं, हे आरोप खरेच होते.

दुसऱ्या बाजूला हाच माणूस १९१२ पासून कामगारांना पगाराव्यतिरिक्त नफ्यातला वाटा देऊ लागला. १९१९ मध्ये त्याने स्वतःच्या शेअर्सपैकी तिसरा हिस्सा कामगारांना दिला. मॅसॅच्युसेट्सच्या एमआयटीला त्याने कोट्यवधी डॉलर दिले, तेही कित्येक वर्षं स्मिथ या खोट्या नावाने. रॉचेस्टरला संगीत विद्यालय काढलं. कृष्णवर्णीयांच्या टस्कीगी आणि हॅम्प्टन या संस्थांना मोठ्या देणग्या दिल्या. आयुष्यभरातलं दान दहा कोटी डॉलरच्या वर गेलं. स्वतःच्या घरात मात्र रोज सकाळी नाश्त्याच्या वेळी ऑर्गन वाजवायला एक माणूस नेमला होता. आणि एक विक्षिप्तपणा : वर्षाला २८ दिवसांचे तेरा महिने असावेत असा त्याचा आग्रह होता. १९२८ मध्ये त्याने ते कॅलेंडर कंपनीत लागू केलं आणि कोडकचे हिशेब १९८९ पर्यंत त्यावर चालले!

शेवटच्या वर्षांत त्याला मणक्याचा आजार जडला. उभं राहणं, चालणं कठीण झालं. स्वतःच्या हाताने सगळं करणाऱ्या माणसाला ते सोसवेना. १४ मार्च १९३२ ला, वयाच्या ७७ व्या वर्षी, त्याने स्वतःचं आयुष्य संपवलं. मित्रांसाठी दोन-तीन ओळींची चिठ्ठी मागे ठेवली होती. त्याचं घर आता फोटोग्राफीचं संग्रहालय आहे.

त्याच सुमारास कंपनीने ६२० नावाचा रोल काढला. फिल्म १२० चीच, कागद तोच, फक्त मधली स्पूल बारीक. पुढचे कोडक कॅमेरे मुद्दाम ६२० वर बनवले, म्हणजे गिऱ्हाइकाने रोल कोडकचाच घ्यावा. दुसऱ्या महायुद्धाच्या काळातला कोडक मेडलिस्ट हा माझ्या मते त्यांचा सगळ्यात सुंदर मिडियम फॉरमॅट रेंजफाइंडर. सहा बाय नऊ, भक्कम बॉडी, एक्टार लेन्स, अमेरिकन नौदलाने वापरलेला. पण तो ६२० चा आहे, आणि कोडकने हा रोल १९९५ मध्ये बंद केला. १२० ची फिल्म काळ्या पिशवीत हात घालून ६२० च्या स्पूलवर गुंडाळावी लागते. दहा मिनिटांचं काम आहे, सवयीने पाच. मेडलिस्ट घेणारच असाल तर विकणाऱ्याकडून ६२० च्या दोन रिकाम्या स्पूल आधी मागून घ्या : एक फिल्म गुंडाळायला, दुसरी कॅमेऱ्यात पलीकडच्या बाजूला लावायला.